साडेसोळा इंचांचं कागदी स्टूल

आई आमच्याकडे चंदीगडला आली ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी. शस्त्रक्रिया चांगली झाली, ती काठी घेऊन घरभर फिरायला लागली, आणि एक दिवस जेवताना तिनं जाहीर केलं की संक्रांत झाली की ती कराडला परत जाणार.

"का?" मी विचारलं.

"तुमच्या घरात मला बसायला जागा न्हाई."

हे वाक्य माझ्या बायकोला लागलं. सेक्टर बावीसमधलं आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर आहे, दोन खोल्या, हॉल, मागे छोटं अंगण. आईला आम्ही अंगणाकडची उन्हाची खोली दिली होती. शिवाय तिकडे कराडला ती एकटी राहते. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, शेजार चांगला, पण रात्री पाय घसरला तर सकाळपर्यंत कुणाला कळायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निदान वर्षभर एकटं ठेवू नका. ते मी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "डॉक्टर काय, त्याला कुठं घर सोडायचंय."

मी मोहालीतल्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. दिवसभर मापं घेणं हाच माझा धंदा आहे. एखादी तक्रार आली की आम्ही आधी वाद घालत नाही, आधी मोजतो. म्हणून आईच्या तक्रारीचंही मी तेच केलं. टेप घेतली आणि घरातल्या बसण्याच्या सगळ्या जागा मोजल्या. सोफा अठरा इंच उंच आणि इतका खोल की टेकून बसलं तर आईचे पाय हवेत. जेवणाच्या खुर्च्या अठरा. पलंग एकवीस. प्लास्टिकचं स्टूल सतरा, पण फरशीवर सरकतं आणि जानेवारीत बर्फासारखं गार लागतं. चौरंग नऊ इंच, पाट दोन. आणि डॉक्टरांनी गुडघा काटकोनापलीकडे वाकवायला सक्त मनाई केली होती, म्हणजे ते दोन्ही बाद.

मग आईला उभी करून टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं माप घेतलं. साडेसोळा इंच.

"कापड शिवतोयस का माझं?" आई म्हणाली.

"तू कराडला कुठं बसतेस?"

"दारातल्या पायरीवर. दुसरं कुठं?"

मी कराडच्या शेजाऱ्यांना फोन करून ती पायरी मोजायला लावली. त्यांना वाटलं घर विकायला काढलंय. समजूत घालण्यात बराच वेळ गेला, पण माप मिळालं. पायरी जमिनीपासून साडेसोळा इंच होती.

मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे आई खरंच बोलल्या होत्या. आपल्या घरात त्यांना बसायला जागा नाही."

आता हे सोपं वाटेल की एका खुर्चीचे पाय दीड इंच कापले की झालं. पण खुर्च्या घरमालकिणीच्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात, सगळी गल्ली त्यांना आंटीजी म्हणते, आणि त्या अतिशय सज्जन असल्यामुळेच त्यांची खुर्ची कापणं मला जमण्यासारखं नव्हतं. सुतार एकच स्टूल करायला तयार होईना. आणि आईची स्वतःची अट होती: ते तिला एका हातानं उचलता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काठी. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात, दुपारी अंगणात, संध्याकाळी टीव्हीपाशी. लाकडाचं स्टूल तिनं आंटीजींकडे उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे म्या उचलायचं का यानं मला?"

बाजारात शोधून काही मिळेना. दरम्यान रविवारी बायकोनं माळा आवरायला काढला. माळ्यावर आमच्या मुलीच्या सहा गोण्या होत्या. मुलगी दोन वर्षं सेक्टर चौतीसला इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जात होती, आणि तिथं रोज परीक्षा. त्या सगळ्या परीक्षांचे कागद, नोट्स, उत्तरपत्रिका मी जपून ठेवल्या होत्या. आता ती आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे त्यातल्या कशाचाही उपयोग नाही, पण टाकवतही नव्हतं. बायकोनं रद्दीवाल्याला बोलावलं आणि मला एक एक गोणी खाली उतरवायला लावली.

आईनं गोणीत हात घालून मूठभर कागद काढले, बोटांत चोळून पाहिले. "चांगला लगदा हुईल."

"कसला लगदा?"

"टोपल्या करायचो की आम्ही. कागद भिजवायचा, कांडायचा, मेथी घालायची आन पातेल्यावर थापायचा. धान्य राहायचं त्यात. पोरगी उभी राहिली वर तरी काय व्हायचं न्हाई."

मला त्या टोपल्या आठवल्या. डाळ ठेवायची जाड, राखाडी टोपली, कडेला गेरूची रेघ. मेथीनं कीड लागत नाही आणि लगदा चिकट होतो, एवढंच मला माहीत होतं. पण टोपलीवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती सोफ्यावरून उठून आली. "आजी, ये तो पेपर पल्प है. कॉलेज में सर ने दिखाया था, लोग इससे लैंप बनाते हैं, कुर्सियां बनाते हैं."

"मग तुझ्या सरांनी केलीय का एक तरी?"

"नहीं, फोटो दिखाया था."

"फोटोवर बसू का मी?"

रद्दीवाल्याला परत पाठवलं. बायकोनं रिकाम्या माळ्याकडे आणि भरलेल्या हॉलकडे आळीपाळीनं पाहिलं.

आमच्या घरात मग तीन वेगवेगळी स्टुलं एकाच वेळी तयार होऊ लागली. मुलीचं कागदावर होतं, तीन बारीक पाय, वर पानाच्या आकाराची बैठक. मी त्याच्यावर पंचावन्न किलो वजन टाकून हिशेब केला आणि तिला सांगितलं की हे आजीच्या आधी कोसळेल. ती म्हणाली, "बाबा, आप हर चीज़ को फेल करते हो." माझं स्टूल बिनपायांचं, आतून खोक्याच्या पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचं होतं. त्याचा आराखडा पाहून आई म्हणाली, "हे घर बांधायला घेतलंस का?" आणि तिनं मागच्या अंगणातून रंगाची वीस लिटरची रिकामी बादली आणायला सांगितली.

बादली पालथी घातली. वर निमुळती, खाली रुंद, डगमगायचा प्रश्नच नाही. उंची पंधरा इंच. वर दीड इंच लगदा थापला की साडेसोळा. माझा पुठ्ठ्याचा आराखडा मी घडी करून ठेवला.

कागद अंगणात टबात भिजवले. मुलगी गोणीतून कागद निवडून देत होती. "रोटेशनल मोशन का ये टेस्ट पहले डालो, इसमें मेरे चार नंबर आए थे." तो गेला. मग रसायनशास्त्र गेलं. एक उत्तरपत्रिका तिनं बाजूला काढली, पूर्ण गुणांची, बराच वेळ पाहिली आणि तीही टाकली. "ये मज़बूती के लिए," ती म्हणाली.

कागद मऊ झाल्यावर आईनं खुर्चीवर बसून, पाय हवेत ठेवून, तो कांडला. मेथी रात्री भिजवलेली होती. बायको म्हणाली, "आई, मिक्सरला लावते, एका मिनिटात होईल."

"मिक्सरची पेस्ट हुती. मेथी जराशी भरड लागती, मग धरून राहती," आई म्हणाली आणि खलबत्त्यात चार ठोके देऊन ती लगद्यात ओतली.

बादलीवर जुन्या सुती साडीचा तुकडा पसरला, म्हणजे लगदा चिकटून बसू नये, आणि चौघांनी मिळून थापायला घेतलं. बाजूंना एक इंच जाडी, वर दीड. मी मधूनमधून विणकामाची सुई टोचून जाडी तपासत होतो. वाळल्यावर लगदा आकसणार, म्हणून वरच्या बाजूला मी पाव इंच जास्त घ्यायला लावला. आईनं ते मान्य केलं, "पोराचा धंदाच हाय तो" असं म्हणून. ओलं वजन बादली वगळून अकरा किलो भरलं. माझ्या अंदाजानं वाळल्यावर चार किलो उरायला हवं होतं. चार किलो आई एका हातानं उचलते, ते मी कणकेच्या पिशवीवर आधीच पाहून ठेवलं होतं.

"चार किलो म्हणजे एक गोणीसुद्धा संपली नाही की हो," बायको म्हणाली. हॉलमध्ये पाचाहून जास्त गोण्या तशाच होत्या.

"दोन दिसांत कडकडीत वाळंल," आई म्हणाली. "संक्रांतीच्या आधी बसून दाखवते."

इथं आम्ही सगळेच चुकलो. आई कराडच्या जानेवारीचा हिशेब करत होती. तिथं संक्रांतीच्या सुमाराला सकाळी नऊला पत्रा तापतो. मी इथं इतकी वर्षं राहतोय, दर जानेवारीत गाडीचे दिवे लावून ऑफिसला जातोय, पण लगदा थापताना माझ्याही डोक्यात कराडचंच ऊन होतं. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं. अंगणातली तुळस दिसेना. दुपारी दोनला सूर्य एकदा पांढऱ्या बशीसारखा दिसला आणि गेला. मग दिवसामागून दिवस तसेच.

मी रोज स्टूल वजनकाट्यावर ठेवत होतो. थोडं उतरलं आणि तिथंच थांबलं. शेवटी ते आत आणलं आणि खोलीतला हीटर त्याच्याकडे तोंड करून लावला. आई रजई पांघरून बसली आणि हीटर स्टुलाला. बायको म्हणाली, "अहो, आईंना थंडी वाजतेय आणि तुम्ही त्यांच्या स्टुलाला शेकताय."

दोन दिवसांनी बाहेरून ते टणक झालं. वाजवलं की खणखणीत. आईनं बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, आता बादली काढून घ्या, आतून वारा लागू दे. मी आणि मुलीनं मिळून ते अलगद वर उचललं. बादली सुटली. साडी सोलून काढली. मुलगी आत डोकावली आणि तिथंच बसली.

"आजी. आपका स्टूल ज़िंदा है."

आतल्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत, मेथी उगवली होती. पांढरे देठ, टोकाला फिकट पिवळी दोन-दोन पानं, सगळी दबून एकाच दिशेला वाकलेली. ओली सुती साडी, बंद बादली, बाहेरून हीटरची ऊब. शाळेत मोड आणायला शिकवतात तेच आम्ही अकरा किलोंच्या प्रमाणावर केलं होतं. भरड ठोकलेल्या मेथीतले निम्मे दाणे अख्खे राहिले होते. कराडला ते उगवायच्या आधी वाळले असते.

आई काठी टेकत आली, वाकता येत नव्हतं म्हणून मी स्टूल आडवं करून दाखवलं. तिनं आत पाहिलं. मला वाटलं आता हिचं मन मोडणार, कारण तिनं काढायला लावलेलं कराडचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. पण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत हसत खुर्चीवर बसली आणि डोळे पुसले.

"आता याला पाणी घाला," ती म्हणाली. "बसायला न्हाई तर भाजीला हुईल."

"भाजीला काय, शाई आहे त्यात," बायको म्हणाली. "फिजिक्सची मेथी."

हसून झालं, पण स्टुलाची भिंत आतून अजून ओली होती आणि हीटरनं काम होणार नव्हतं हे उघड होतं. बाहेरचं वाळून आकसलं आणि आतलं ओलंच राहिलं तर तडा जाणार. एक केसाएवढा गेलाही होता. ऑफिसातली रंग सुकवायची भट्टी माझ्या मनात आली, पण कंपनीच्या भट्टीत घरचं स्टूल घालणं बरोबर नाही. हे मी मोठ्यानं म्हटलं, त्यावर बायकोनं "विचारलंय कुणी" एवढंच म्हटलं.

भट्टी हा शब्द मात्र आंटीजींनी ऐकला. त्या खाली आल्या होत्या कणीक, तूप आणि साखरेचे डबे घेऊन, बिस्किटं भाजून आणायला. इथं थंडीत ही पद्धतच आहे. आपलं सामान घेऊन बेकरीत जायचं, बेकरीवाला आपल्यासमोर मळतो, थापतो आणि भट्टीत घालतो, आणि आपण पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी आणायची. आंटीजींनी स्टूल पाहिलं, मेथी पाहिली, आईकडे पाहिलं. थोरल्या बाईला इथं बीजी म्हणतात.

"बीजी, चलो मेरे साथ. बिस्कुट के साथ ये भी सिक जाएगा."

आईनं मोड उपटून काढले, भेग ओल्या लगद्यानं भरली, आणि आम्ही सगळे गाडीत बसलो. मांडीवर आंटीजींचे डबे, मागे स्टूल. बेकरीवाला साठीचा, कानावर मफलर बांधलेला सरदार. त्यानं आमची रांगेतली वस्तू पाहिली.

"सर जी, इसमें घी कितना डालना है?"

त्याला सगळं सांगितलं. गुडघा, पायरी, धुकं, तिकीट. तिकिटाचं ऐकून तो आईकडे वळला. "बीजी, जा रहे हो? लोहड़ी के बाद कोई जाता है? अभी तो सरसों का साग खाना है."

"साग खाईन की," आई मराठीतच म्हणाली, "पन बसून."

आंटीजींनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पंजाबीत बरंच बोलणं झालं. शेवटची बिस्किटं निघाल्यावर भट्टी विझायला लागते, तेव्हा उरलेल्या उबेत स्टूल ठेवायचं ठरलं. मी थर्मामीटर आणला होता. तो म्हणाला लावा. मी आकडा पाहिला, भट्टीचं दार जरा उघडं ठेवायला सांगितलं, त्यानं ठेवलं. तरीही आम्ही दोघंही चुकलो, कारण एक बाजू मागच्या भिंतीला टेकली आणि ती भिंत बाकीच्या भट्टीपेक्षा तापलेली होती. सकाळी स्टूल बाहेर आलं तेव्हा एका अंगाला वीतभर डाग होता, चांगल्या भाजलेल्या बिस्किटासारखा तांबूस.

"थोड़ा ज़्यादा सिक गया," तो ओशाळून म्हणाला.

वजन केलं, त्याच्याच काट्यावर. चार किलो शंभर ग्रॅम. वाजवलं तर भरलेल्या आवाजाचं. वास येत होता भाजलेल्या मेथीचा आणि तुपाचा.

घरी आणून आधी मी त्यावर कणकेच्या दहा-दहा किलोंच्या पिशव्या रचल्या, मग मुलगी उभी राहिली, मग मी बसलो. माझं वजन ब्याऐंशी आहे. काही झालं नाही. मग टेप लावली. सोळा इंच. माझा पाव इंच धरूनही ते जास्तच आकसलं होतं.

"अर्धा इंच कमी आहे," मी म्हणालो.

"दे हिकडं," आई म्हणाली. तिनं ती बादलीवरची साडी धुऊन घेतली होती. चार पदरी घडी घालून, गोधडीसारखे धावदोरे घालून, तिनं गोल उशी शिवली आणि वर ठेवली. मी पुन्हा मोजलं. तिनं माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि स्टुलावर बसली. पाय जमिनीला टेकले, अख्खे, टाचेसकट. मग उठून तिनं तांबूस डाग दाराच्या बाजूला फिरवून घेतला. "भिंतीकडं कशाला लपवायचा? आलेल्या माणसाला दिसू दे, भाजलेलं हाय म्हणून."

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झालं. मोहालीतल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या चार-पाच मराठी मुली आल्या, हवाईदलातल्या एका अधिकाऱ्याची बायको आली, आंटीजी तर होत्याच. आई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून तिळगूळ वाटत होती. प्रत्येकीला तिनं आधी मेथीची गोष्ट सांगितली आणि मग स्वतः उठून तिला बसून बघायला लावलं. एक मुलगी म्हणाली, ऑनलाइन असलं स्टूल खूप महाग मिळतं. आई म्हणाली, "त्याला मेथी उगवलीय का?"

स्टूल झालं, पण तिकिटाबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. बायको म्हणाली विचारा, मी म्हणालो नको, जबरदस्ती वाटेल. खरं म्हणजे मला उत्तराची भीती वाटत होती. स्टूल एका हातानं उचलता येतं, म्हणजे ते रेल्वेतही नेता येतं, हे मला आता कळलं होतं. तिची पिशवी भरून खोलीत ठेवलेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आलो. धुकं तसंच होतं. घरात मिक्सर चालू होता, थांबत होता, पुन्हा चालू होत होता. मागच्या अंगणात टब भरलेला होता आणि त्यात कागद भिजत होते, निळी शाई पाण्यात उतरत होती. शेजारी दुसरी गोणी अर्धी रिकामी. आई स्टुलावर बसून कागद दाबून पाण्याखाली घालत होती.

"आई, आता हे कशाला?"

"हिला नको का बसायला माझ्यापाशी? उभ्यानं बोलती माझ्याशी कवाधरनं."

आतून बायको मिक्सरचं भांडं घेऊन आली आणि आईला दाखवलं. आईनं बोटानं मेथी चोळून पाहिली. "अजून. एक दाणा अख्खा दिसता कामा न्हाई."

मी टबाकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं. "हे भिजायचं, थापायचं, वाळायचं, भट्टीत न्यायचं. किती दिवस लागतील माहितीय?"

"तूच मोज," आई म्हणाली. "तुझा धंदा हाय. आन तेवढं तिकिटाचं बघ, पैसे बुडायच्या आत."

मिक्सर पुन्हा चालू झाला. त्या आवाजातच बायको आतून ओरडून म्हणाली, "अहो, टेप घेऊन या. माझं माप वेगळं आहे."